म्हातारपणी मेंदूत पाणी साचतं, त्यात प्रतिकारशक्तीचा हात किती?

आडवाटे (धागालेखक)

'नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस' हे नाव ज्यांच्या घरी येऊन गेलंय त्यांना लक्षणं सांगायला नकोत. बाकीच्यांसाठी थोडक्यात: साठी-सत्तरीनंतर चाल बिघडते, पावलं छोटी पडतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. लघवीवरचा ताबा जातो. विचार करायला वेळ लागतो, विसरायला होतं. तिन्ही एकदम येतीलच असं नाही, बहुतेकांची चाल आधी जाते. एमआरआयमध्ये मेंदूच्या पोकळ्या पाण्याने (म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवती फिरणाऱ्या द्रवाने) फुगलेल्या दिसतात, पण पाठीत सुई घालून दाब मोजला तर नॉर्मल निघतो.

कोलंबियाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम यांनी १९५७ मध्ये बोगोटात डोक्याला मार लागलेल्या १६ वर्षांच्या एका मुलात हे पाहिलं. दाब नॉर्मल, पोकळ्या मोठ्या, आणि तपासणीसाठी थोडं पाणी काढलं तर मुलगा सुधारू लागला! १९६५ मध्ये बोस्टनच्या रेमंड ॲडम्स यांच्यासोबत त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून 'म्हातारपण आहे, चालायचंच' म्हणून सोडून दिलेल्या लोकांकडे डॉक्टर नव्याने बघू लागले.

पुढची पन्नास वर्षं हा आजार म्हणजे मोरी तुंबण्याचा प्रकार मानला गेला. नळ चालू आहे, पाणी पुढे सरकत नाही, मग दुसरी नळी (शंट) टाका. हिशेब सोपा होता: मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिली पाणी असतं, रोज तयार होतं ५०० मिलीच्या आसपास, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळं बदललं जायला हवं.

धागा काढायचं कारण गेल्या दहा-बारा वर्षांतलं काम. हे पाणी जिथे तयार होतं, ज्या वाटांनी फिरतं आणि जिथून बाहेर पडतं, त्या तिन्ही जागी प्रतिकारयंत्रणेच्या पेशी ठाण मांडून असतात. वय झालं की त्यांचं वागणं बदलतं आणि पाण्याचं गणित बिघडतं. (मी जीवशास्त्रवाला आहे, डॉक्टर नाही. औषधपाण्याबद्दल माझं काही ऐकू नका.)

आधी तयार होण्याची जागा. पोकळ्यांच्या आत कोरॉइड प्लेक्सस नावाची झालरीसारखी ऊती असते. रक्तातून क्षार आणि पाणी खेचून ती हा द्रव बनवते. रक्त आणि मेंदू यांच्या वेशीवर असल्यामुळे तिथे मॅक्रोफेज या जंतू-कचरा खाणाऱ्या पेशींचा कायमचा मुक्काम. येल विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये उंदरांच्या मोठ्या भाईबंदांवर, म्हणजे रॅट्सवर, प्रयोग केला. मेंदूच्या पोकळीत रक्तस्राव झाला की टीएलआर४ हा धोका ओळखणारा रिसेप्टर जागा होतो, जळजळीची साखळी सुरू होते आणि एनकेसीसी१ नावाचा क्षारांचा पंप सुसाट सुटतो. पाणी तयार होण्याचा वेग तिपटीहून जास्त! २०२३ मध्ये त्याच मंडळींनी दाखवलं की जंतुसंसर्गानंतरही जवळजवळ हीच साखळी चालते, आणि प्रतिकारयंत्रणेला आवर घातला तर रॅट्समध्ये पाणी साचणं टळतं. हायड्रोसिफॅलस औषधाने थांबवता येईल अशी आशा त्यामुळे निर्माण झाली.

म्हातारपणाचा धागा (माफ करा) इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या मिखाल श्वार्ट्झ यांच्या गटाने २०१४ मध्ये पकडला. म्हाताऱ्या उंदरांच्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये टाइप १ इंटरफेरॉन सतत चालू असतो. एरवी हा विषाणू आल्यावर वाजणारा भोंगा. इथे विषाणू नाही, तरी भोंगा चालू. वृद्ध माणसांच्या मरणोत्तर नमुन्यांतही तसंच दिसलं. उंदरांत तो मेंदूच्या बाजूने अडवला तर त्यांची स्मरणशक्ती काही अंशी सुधारली.

आता बाहेर पडण्याची जागा, आणि मला सगळ्यात रस इथे आहे. मेंदूला लसिका वाहिन्या (ऊतींमधलं जास्तीचं पाणी आणि कचरा वाहून नेणाऱ्या नळ्या) नसतात असं आम्ही पाठ केलं होतं. २०१५ मध्ये व्हर्जिनियातल्या किप्निस यांच्या आणि हेलसिंकीतल्या आलितालो यांच्या गटांनी वेगवेगळं काम करून त्या दाखवल्या: मेंदूच्या बाहेरच्या आवरणात, मोठ्या शिरांच्या कडेने जाणाऱ्या, मानेतल्या गाठींपर्यंत पोचणाऱ्या. गंमत म्हणजे इटलीच्या पाओलो मास्कान्यींनी १७८७ मध्येच तिथे लसिका वाहिन्या असल्याचं लिहून ठेवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. २०१८ मध्ये किप्निस यांच्या गटाने दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांत या वाहिन्यांचा निचरा मंदावतो, आणि व्हीईजीएफ-सी हे वाढीचं प्रथिन देऊन वाहिन्या रुंदावल्या तर निचराही सुधारतो, शिकण्याची क्षमताही. मंदावतो का? २०२३ चं उत्तर: वयाबरोबर आवरणात टी पेशी (प्रतिकारयंत्रणेच्या पांढऱ्या पेशी) वाढतात, त्या गॅमा इंटरफेरॉन हे जळजळीचं प्रथिन सोडतात आणि वाहिन्यांच्या पेशींमधले सांधे बिघडतात.

मधल्या वाटांबद्दल एकच. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भोवती मॅक्रोफेजची एक जात असते, ती तिथला चिकट पसारा खाऊन वाट मोकळी ठेवते. २०२२ मध्ये सेंट लुईसमध्ये त्या पेशी उंदरांतून काढून टाकल्या तर पसारा साचला, धमन्यांची धडधड कमी झाली आणि पाण्याचा प्रवाह मंदावला. म्हाताऱ्या उंदरांना या पेशींना चेतवणारं प्रथिन दिलं तर प्रवाह पुन्हा सुधारला.

म्हणजे एकीकडे प्रतिकारयंत्रणा जास्त झाली म्हणून बिघाड, दुसरीकडे तिच्यातल्या एका जातीने काम सोडलं म्हणून बिघाड. हे कुणाला कसं वाटतं? डॉक्टर मंडळींनी जरूर लिहा.

कुंपणावरचा

वाचतोय. खुर्ची पकडून ठेवली आहे.

मोहरी

धाग्याबद्दल आभार. आमच्या आईचं नेमकं हेच झालं. आधी गुडघे म्हणून फिजिओ, मग पार्किन्सनच्या गोळ्या, फरक शून्य. लघवीचं तिने लाजून कुणाला सांगितलंच नाही, चादरी स्वतः धुवून टाकायची. शेवटी एका तरुण डॉक्टरने तिला केबिनच्या दारातून आत येताना पाहिलं आणि एमआरआय लिहून दिला. पाठीतून पाणी काढलं, दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात भिंत न धरता चालली. शंटची तारीख घ्यायची आहे.

माझा प्रश्न बाळबोध आहे. आईची प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून हे झालं का? शेजारच्या काकू इम्युनिटी वाढवायला गुळवेलीचा काढा रोज देताहेत. चालू ठेवू का?

आडवाटे

मोहरी, बाळबोध अजिबात नाही, हाच गोंधळ सगळीकडे आहे. कोविडपासून आपल्याकडे प्रतिकारशक्ती म्हणजे कमी-जास्त होणारी एकच गोष्ट झाली आहे. म्हातारपणी होतं ते असं: नव्या जंतूला नेमकं उत्तर देण्याची ताकद घटते, पण जंतू नसताना धुमसत राहणारी जळजळ वाढते. दोन्ही एकाच माणसात. वर लिहिलेला इंटरफेरॉनचा भोंगा या दुसऱ्या प्रकारातला. तो 'वाढवणं' कुणालाच नकोय.

गुळवेलीबद्दल: २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. त्या वादात न शिरता एवढंच म्हणेन की ऑपरेशनच्या तोंडावर असलेल्या माणसाला काय काय पोटात दिलं जातंय ते भूलतज्ज्ञांना माहीत असलंच पाहिजे. काकूंना माझ्या नावाने नाही म्हणा.

तिसरी_घंटा

लेख रंजक आहे, पण मला दोन ठिकाणी अडखळायला झालं.

येलचं काम रक्तस्राव आणि संसर्गानंतरच्या हायड्रोसिफॅलसवर आहे, त्याचा मुख्य संदर्भ अपुऱ्या दिवसांची बाळं. नॉर्मल प्रेशरवाल्या आजोबांच्या डोक्यात रक्तस्राव झालेला नसतो. त्यांच्यात पाणी जास्त तयार होतं याचा पुरावा नाही, उलट काही मोजमापांत वयाबरोबर ते कमी होताना दिसलंय. मग तिप्पट वेगाची गोष्ट इथे कशाला?

आणि पाणी कमी करणारी औषधं हा नवा विचार नाही. ॲसिटाझोलामाइड आणि फ्युरोसेमाइड अशी जोडी रक्तस्राव झालेल्या नवजात बाळांना देऊन पाहिली होती. १९९८ मध्ये निकाल आला तेव्हा औषध मिळालेल्या बाळांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. चाचणी थांबवावी लागली. उंदरांत जमलं आणि माणसांत अंगाशी आलं, याची यादी या क्षेत्रात फार मोठी आहे. तुम्ही 'आशा' हा शब्द फार लवकर काढलात.

तिसरं, जाता जाता: जळजळ आहे हे कबूल, पण ती कारण आहे की परिणाम? पोकळ्या ताणल्या गेल्या की आसपासच्या ऊतीला इजा होणार, आणि इजा झाली की जळजळ येणारच.

आडवाटे

नळाबद्दलचा आक्षेप बरोबर आहे. म्हाताऱ्यांच्या बाबतीत माझा कल मोरीकडेच आहे, आणि म्हणून लसिका वाहिन्यांवर जास्त लिहिलं. येलचं काम घेतलं ते यासाठी की पाणी बनवणाऱ्या पेशी प्रतिकारयंत्रणेचा हुकूम पाळतात हे त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. पाठ्यपुस्तकात त्यांना नुसता पंप म्हणून शिकवतात.

माणसातला पुरावा हवा तर ओस्लोकडे बघा. तिथे नॉर्मल प्रेशरच्या रुग्णांच्या पाठीतून एमआरआयचं रंगद्रव्य सोडून ते मेंदूत कसं फिरतं ते पाहिलं. २०१७ चं काम आहे. हा आजार नसलेल्या लोकांच्या तुलनेत या रुग्णांत रंगद्रव्य पोकळ्यांत उलटं शिरलं आणि मेंदूतून बाहेर पडायला जास्त वेळ लागला. त्याच गटाने रुग्णांच्या मेंदूचे बारीक नमुने तपासले, त्यात ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधार-पेशी सुजल्या-वाढलेल्या आणि रक्तवाहिन्यांलगतचे एक्यूपी४ हे पाण्याचे दरवाजे घटलेले दिसले. ॲस्ट्रोसाइट या काही प्रतिकारयंत्रणेच्या पेशी नव्हेत, पण जळजळीला प्रतिसाद त्याही देतात.

कारण की परिणाम, यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. पाठीतल्या पाण्यात आयएल-६ वगैरे जळजळीची प्रथिनं मोजणारे अभ्यास आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. माझा अंदाज, निव्वळ अंदाज, की ते चक्र असावं: निचरा मंदावला की कचरा साठतो, कचऱ्यामुळे पेशी चिडतात, चिडल्या की निचरा आणखी मंदावतो. शंटच्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत बऱ्याच जणांमध्ये अल्झायमरमध्ये साचणारं अमायलॉइड हे प्रथिनही सापडतं, ते या चित्रात बसतं.

कुंपणावरचा

अवांतर: झोपेत मेंदू धुतला जातो असा एक फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला येतो. तो याच पाण्याबद्दल का? बायको त्याचा आधार घेऊन दुपारीही झोपते.

आडवाटे

याच पाण्याबद्दल. २०१२ मध्ये रॉचेस्टरच्या नेडरगार्ड यांच्या गटाने धमन्यांच्या कडेने पाणी मेंदूत शिरतं हे मांडलं, २०१३ मध्ये झोपेत हा निचरा वाढतो असं दाखवलं. मग २०२४ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने वेगळ्या पद्धतीने मोजलं तर झोपेत निचरा कमी होतो असं निघालं! दोन्ही उंदरांवरच. भांडण अजून चालू आहे, तोवर वहिनींना झोपू द्या.

गच्चीवरून

न्यूरोसर्जरीत आहे, उशिरा पोचलो. दोन्ही बाजू वाचल्या.

प्रतिकारयंत्रणेमुळे मेंदूत पाणी साचतं हे आम्हाला उंदरांकडून शिकावं लागलं नाही, आपल्याकडे ते वॉर्डात रोज दिसतं: टीबी मेनिंजायटिस. जंतू मूठभर असतात, पण त्यांच्याविरुद्ध शरीर जी लढाई करतं तिचा घट्ट, चिकट साका मेंदूच्या बुडाशी बसतो. पाणी वाहण्याच्या वाटा त्यानेच बुजतात. म्हणून टीबीच्या गोळ्यांबरोबर आम्ही स्टिरॉइड देतो, म्हणजे जंतू मारता मारता स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेला लगाम. २००४ मध्ये व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने मृत्यू कमी झाले. गंभीर अपंगत्व मात्र कमी झालं नाही, हेही तितकंच खरं. या रुग्णांत शंट कुणाला उपयोगी पडेल हे ठरवायची जी प्रतवारी जगभर वापरतात ती आपल्या वेल्लोरची, १९९१ ची. तेव्हा तिसरी_घंटा, जळजळ 'कारण' असू शकते याचं ढळढळीत उदाहरण इथे आहे. पण उतारवयातल्या नॉर्मल प्रेशरमध्ये स्टिरॉइडला काही जागा नाही. ते वाचून कुणी घरी सुरू करू नये, म्हाताऱ्यांची साखर आणि हाडं दोन्ही जातील.

आता नळीबद्दल. शंटने खरंच फरक पडतो की ऑपरेशन झाल्याच्या समाधानाने बरं वाटतं, हा प्रश्न साठ वर्षं लोंबकळत होता. २०२५ मध्ये त्यावर नीट चाचणी आली. ९९ रुग्ण, शंट सगळ्यांना घातला, पण काहींचा व्हॉल्व्ह असा लावला की पाणी जवळजवळ वाहणारच नाही. कोणाचा चालू, कोणाचा बंद, हे रुग्णाला माहीत नाही. तीन महिन्यांनी चालू शंटवाल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला, दुसऱ्या गटाचा ०.०३ ने. पडण्याचं प्रमाणही कमी झालं. स्मरणशक्तीच्या आणि लघवीच्या मोजमापात मात्र तीन महिन्यांत ठोस फरक दिसला नाही. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचण्याचं प्रमाण चालू गटात १२ टक्के, दुसऱ्यात २. नातेवाइकांना मी हे सगळे आकडे सांगतो. 'आई पुन्हा पूर्वीसारखी होईल' असं मी कुणालाच सांगत नाही. चालेल, ही शक्यता चांगली.

आणि हा दुर्मीळ आजार नव्हे. स्वीडनच्या गोटेनबर्गमधल्या पाहणीत सत्तरीतल्या लोकांत ०.२ टक्के आणि ऐंशीच्या पुढे ५.९ टक्के लोकांत तो असावा असं निघालं होतं. आपल्याकडे त्यातले बहुतेक गुडघ्यांच्या ओपीडीत बसलेले असतात.

तिसरी_घंटा

टीबीचं उदाहरण मान्य. तिथे साका डोळ्यांनी दिसतो. आजोबांच्या एमआरआयमध्ये असा काही साका नसतो, एवढंच नोंदवून ठेवते.

मोहरी

डॉक्टर, फार आभार. दोन प्रश्न आहेत. आम्हाला भारतीय बनावटीचा साधा शंट आणि बाहेरून व्हॉल्व्ह कमी-जास्त करता येणारा परदेशी, असे दोन पर्याय दिलेत. किमतीत खूपच फरक आहे. स्वस्तातला घेतला तर आईवर अन्याय होईल का? आणि पाठीतून पाणी काढण्याच्या टॅप टेस्टमध्ये चाल सुधारली, पण बोलणं होतं तसंच मंद आहे. याचा अर्थ काय?

गच्चीवरून

शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट घेऊन हजारो लोक हिंडत आहेत. युगांडात १९५ मुलांवर त्याची आणि कितीतरी पट महागड्या अमेरिकन शंटची तुलना झाली, वर्षभरानंतरच्या निकालात फरक सापडला नाही. पण ती मुलं होती. उतारवयात अडचण वेगळी: पाणी जास्त गेलं तर आकसलेल्या मेंदूभोवती रक्त साचतं, कमी गेलं तर फायदा नाही. बदलता येणाऱ्या व्हॉल्व्हचा उपयोग तिथे होतो, ओपीडीत चुंबकाने दाब बदलता येतो, पुन्हा टाके नाहीत. परवडत असेल तर तो घ्या. परवडत नसेल तर साध्यासाठी ऑपरेशन लांबवू नका, लांबवण्याचं नुकसान जास्त.

बोलणं मंद राहिलं याचा अर्थ टेस्ट फसली असा नाही. ३० ते ५० मिली पाणी काढून जो फरक पडतो तो चालीतच आधी दिसतो. विचारांचा वेग नंतर काही जणांत सुधारतो, काहींत नाही, विशेषतः सोबत अल्झायमर असेल तर. आणि इतर वाचकांसाठी: टॅप टेस्टमध्ये काहीच फरक दिसला नाही तरी आजार नाही असं ठरत नाही. पाणी काढण्याआधी आणि नंतर त्याच कॉरिडॉरमध्ये, त्याच चपला घालून चालतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. वळताना किती पावलं घेतात ते त्यात मोजता येतं. आम्हाला तुमच्या वर्णनापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. काढासुद्धा.

मोहरी

रक्त पातळ करायची गोळी आहे, हृदयासाठी. उद्याच फोन करते. बदलता येणारा व्हॉल्व्ह बसवला तर पुढे एमआरआय करता येतो ना? तिचा मणक्याचा एक राहिलाय.

गच्चीवरून

येतो. पण व्हॉल्व्हचं कार्ड सोबत न्या आणि एमआरआयनंतर त्याच दिवशी सेटिंग तपासून घ्या, काही मॉडेलमध्ये ते हलतं. शक्य असेल तर मणक्याचा एमआरआय शंटच्या आधीच उरकून टाका.